वाचकांचे प्रश्न : भोकं ६५१, वर्तुळं १३,६७१

रायनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात वायरींनी घटक जोडून आकार घडवणारं ग्रासहॉपर, यांत केलेलं काम कारखान्यात नेताना अडलेल्या वाचकांची ही पत्रं. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : जिन्याच्या खिडकीसाठी २ मिमी पत्र्याची जाळी करतोय. एका कोपऱ्यातल्या बिंदूजवळ भोकं मोठी आणि लांब जाताना लहान, एवढंच हवंय. पण जाळीच्या प्रत्येक पट्टीत मोठ्यापासून लहानापर्यंत तोच क्रम पुन्हा येत होता. एकाने सांगितलं म्हणून अंतराच्या आउटपुटवर फ्लॅटन (सगळ्या याद्या एकाच सरळ यादीत ओतणं) केलं, तर आता कॉम्प्युटरच गोठतो. – वाचक, नाशिक

उत्तर : औषध बरोबर होतं, लावलं भलत्या जागी. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये डिव्हाइड सरफेसला (पृष्ठभागाचे भाग पाडणारा घटक) एका दिशेचे, म्हणजे यू, २० आणि दुसऱ्या दिशेचे, म्हणजे व्ही, ३० भाग दिले आहेत. २० भाग म्हणजे २१ रेषा आणि ३० भाग म्हणजे ३१ बिंदू, म्हणून एकूण ६५१ बिंदू. ते एका सरळ यादीत येत नाहीत, २१ फांद्यांत, म्हणजे वेगळ्या उपयाद्यांत येतात, दर फांदीत ३१. तुमच्या बिंदूपासूनची अंतरंही त्याच २१ फांद्यांत निघतात.

पहिली चूक बाउंड्सपाशी झाली. बाउंड्स प्रत्येक फांदीचं किमान-कमाल वेगळं काढतो. मग अंतराचं रूपांतर त्रिज्येत करणारा रीमॅप नंबर्स प्रत्येक पट्टीला तिचंच माप लावतो आणि कोपऱ्यापासून लांबच्या पट्टीतलं जवळात जवळचं भोकही पूर्ण मोठं होतं. इथे सगळ्या जाळीसाठी एकच किमान-कमाल हवं. म्हणून फ्लॅटन फक्त बाउंड्सच्या इनपुटवर करायचं : इनपुटवर राइट क्लिक, फ्लॅटन, बस. अंतराच्या आउटपुटला हात लावायचा नाही.

तुम्ही नेमका तोच फ्लॅटन केला. त्यामुळे त्रिज्या ६५१ आकड्यांच्या एकाच यादीत गेल्या आणि बिंदू मात्र २१ फांद्यांतच राहिले. ग्रासहॉपर एकुलती यादी प्रत्येक फांदीला पुन्हा पुन्हा पुरवतो. ३१ बिंदूंसमोर ६५१ त्रिज्या आल्या, की ३१ जोड्या लागतात आणि उरलेल्या सगळ्या त्रिज्या शेवटच्या बिंदूला चिकटतात. २१ गुणिले ६५१ म्हणजे १३,६७१ वर्तुळं. पडद्यावर ती एकमेकांवर बसलेली असल्याने कळतही नाही. एवढी वर्तुळं सॉलिड डिफरन्सला (एका घनातून दुसरे घन वजा करणारा घटक) दिली तर मशीन गोठणारच.

म्हणून वर्तुळांच्या आउटपुटला आधी पॅराम व्ह्यूअर (फांद्या आणि त्यांतली संख्या दाखवणारा घटक) जोडून आकडा बघा. ६५१ असेल तर ठीक. १३,६७१ असेल तर एक बाजू सपाट आणि दुसरी फांद्यांत आहे. ४,२३,८०१ दिसला तर एक बाजू सपाट असून दुसऱ्या बाजूला ग्राफ्ट (प्रत्येक नगाला वेगळी फांदी) लागलंय, म्हणजे ६५१ चा वर्ग झालाय. आकडाच आजार सांगतो, वायरी उसकटत बसावं लागत नाही.

बाकी तीन सूचना. तुमचं अंतर ४० मिमीचं आहे. दोन भोकांमध्ये किमान ६ मिमी पत्रा ठेवायचा तर मोठ्यात मोठी त्रिज्या १७. रीमॅपच्या टार्गेटला १७ ते ४ असा उलटा डोमेन (आकड्यांचा पल्ला) द्या, म्हणजे जवळची भोकं आपोआप मोठी होतात. दुसरं, डिव्हाइड सरफेस कडेवरही बिंदू टाकतो आणि तिथली भोकं पत्र्याची कड फोडतात. बिंदूंसाठी ८०० बाय १२०० चा आतला पृष्ठभाग घ्या आणि पत्रा चारी बाजूंनी ४० मिमी मोठा, म्हणजे ८८० बाय १२८० ठेवा. तिसरं, लेझरवाल्याला फक्त रेषा लागतात. जाडी दाखवणारं मॉडेल ग्राहकासाठी हवंच असेल तर सॉलिड डिफरन्स नको. बाहेरचा आयत आणि सगळी वर्तुळं मर्ज करून, फ्लॅटन करून बाउंडरी सरफेसेसला (बंद रेषांतून सपाट पृष्ठभाग करणारा घटक) द्या आणि मग एक्स्ट्रूड करा, म्हणजे जाडी द्या. काम झटक्यात होतं. फ्लॅटन विसरलात तर भोकांऐवजी तितक्याच चकत्या मिळतील.

प्रश्न : ३ मिमी एमडीएफमधून एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांचं मॉडेल कापलं. खाचा ३ मिमीच्या, तरी काही ढिल्या आणि काहींत फळी जातच नाही. – वाचक, पुणे

उत्तर : दोन वेगळ्या चुका एकाच शीटवर आल्या आहेत.

ढिल्या खाचांचं कारण कर्फ, म्हणजे लेझरचा झोत जेवढं लाकूड जाळून टाकतो तेवढी रुंदी. झोत रेषेच्या दोन्ही बाजूंना खातो. ३.०० ची खाच ०.१८ कर्फने ३.१८ ची होते. त्यात ३ मिमी म्हणून विकलेलं एमडीएफ व्हर्नियरने मोजलं तर २.८ पासून ३.२ पर्यंत काहीही निघतं, आणि पावसाळ्यात उघडं राहिलेलं शीट फुगलेलं असतं. जाडी चार कोपऱ्यांवर मोजा आणि फाइलमध्ये ३ लिहू नका, स्लायडर ठेवा.

कर्फ काढायला एक तुकडा पुरत नाही, कारण ०.१८ मध्ये व्हर्नियरचीच चूक मिसळते. २० मिमी रुंदीच्या दहा सुट्या पट्ट्या कापा, शेजारी शेजारी घट्ट लावा आणि एकूण रुंदी मोजा. २०० ऐवजी १९८.२ आली तर दहा पट्ट्यांत १.८ गेले, म्हणजे कर्फ ०.१८. मग घट्ट बसणाऱ्या खाचेची रेखाटलेली रुंदी = मोजलेली जाडी वजा कर्फ. जाडी २.९० असेल तर २.७२. शेवटी खात्रीसाठी त्याच शीटच्या कोपऱ्यात २.५० पासून ३.२० पर्यंत ०.०५ च्या टप्प्याने पंधरा खाचांचा कंगवा कापा आणि फळीचा तुकडा एकेकीत घालून बघा. हाताच्या दाबाने जाते ती खाच आपली. हातोडा लागत असेल तर एमडीएफचे पदर सुटतील.

ज्या खाचांत फळी जातच नाही त्या तिरप्या छेदाच्या आहेत. तुमच्या फळ्या काटकोनात नाहीत, ६० अंशांत भेटतात. लेझर शीटला उभाच कापतो, पण दुसरी फळी त्यातून तिरपी जाते. लागणारी रुंदी = जाडी भागिले कोनाची साइन, अधिक जाडी भागिले कोनाचा टॅन. ३ मिमीसाठी : ३.४६ अधिक १.७३, म्हणजे ५.२० मिमी. कर्फ त्यातून वजा करायचा. ही वाढ ९० अंशांना शून्य असते, म्हणून काटकोनातल्या मॉडेलवर शिकलेल्यांना ती भेटतच नाही. प्रत्येक छेदाचा कोन दोन फळ्यांच्या लंब दिशांवरून काढा आणि खाचेची रुंदी प्रत्येक छेदाला वेगळी द्या.

पुढे हेच काम १२ मिमी प्लायमध्ये राऊटरवर (फिरत्या बिटाने कापणारं यंत्र) नेणार असाल तर गोल बिटाने आतला कोपरा चौकोनी निघत नाही. ६ मिमीच्या बिटाची त्रिज्या ३. कोपऱ्यापासून आतल्या दिशेने दोन्ही कडांना समांतर २.१२ मिमीवर केंद्र ठेवून ३ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते बरोबर कोपऱ्याच्या टोकातून जातं आणि फळी तळाला टेकते. काही कारागीर त्रिज्या ३.१ घेतात, म्हणजे बिट वर्तुळात अडकत नाही. तेव्हा केंद्र २.१९ वर.

प्रश्न : दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडली की लाल चौकटी दिसतात आणि काही घटक ओळखले नाहीत असा संदेश येतो. – वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्यांच्याकडे असलेलं प्लगिन (वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) तुमच्याकडे नाही. संदेशात नाव असतं, ते पॅकेज मॅनेजरमध्ये शोधा. प्लगिन वेबवरून उतरवून हाताने टाकलं असेल आणि तरी उठत नसेल तर विंडोजने ती फाइल अडवलेली असते : राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक, रायनो पुन्हा चालू. फाइल पाठवणाऱ्यांना विनंती : रायनोमधून घेतलेल्या वक्रांवर इंटर्नलाइज डेटा करून, म्हणजे ते ग्रासहॉपरच्या फाइलमध्येच साठवून पाठवा, नाहीतर समोरच्याला रिकामा सांगाडाच मिळतो.

प्रश्न : मंडपाच्या दुहेरी वक्र छतावर चौकोनी काचा बसवायच्या आहेत. काच कापणाऱ्याने नमुना पाहून हात वर केले. – वाचक, ठाणे

उत्तर : सपाट काच चार बिंदूंवर तेव्हाच टेकते जेव्हा ते चार बिंदू एका पातळीत असतात. दुहेरी वक्र पृष्ठभागावर यू-व्हीने पाडलेले चौकोन बहुधा तसे नसतात. ग्रासहॉपरमध्ये प्लेन फिटला चार कोपरे दिले की तो जास्तीत जास्त विचलन सांगतो, आणि फसगत नेमकी इथे होते. प्लेन फिट चूक चारही कोपऱ्यांत वाटून देतो. साधारण समांतरभुज काचेसाठी त्याने ३ मिमी दाखवले, तर साइटवर तीन कोपरे टेकवल्यावर चौथा १२ मिमी वर उभा राहतो. गॅस्केट (काचेखालची लवचिक पट्टी) किती मिमी झेलेल ते काच बसवणाऱ्याला विचारा आणि त्याच्या उत्तराला चारने भागून स्क्रीनवरची मर्यादा ठरवा.

मर्यादा ओलांडली जात असेल तर दोन रस्ते. एक, त्रिकोण. त्रिकोण नेहमी सपाट असतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टवर २००० साली उघडलेल्या छतात ३,३१२ त्रिकोणी काचा आहेत. किंमत अशी की प्रत्येक जोडावर सहा दांड्या येतात आणि जवळपास प्रत्येक काचेचं माप वेगळं असतं. दुसरा रस्ता मंडपासाठी अधिक शहाणपणाचा : आकारच असा घ्या की चौकोन आपोआप सपाट निघतील. एक वक्र न वळवता दुसऱ्या वक्रावरून सरकवला की समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्या राहतात, म्हणून प्रत्येक चौकोन समांतरभुज आणि सपाट. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांच्या घराचं काचेचं छत याच तत्त्वावर बांधलं आहे. ग्रासहॉपरमध्ये त्यासाठी सम सरफेस वापरा. स्वीप वापरू नका, तो जाता जाता वक्र वळवतो आणि सपाटपणा जातो.

वक्र काचच करून घ्या असं म्हणणारा सल्लागार भेटला तर त्याला सांगा, की लंडनच्या गर्किन इमारतीत वक्र काच एकच आहे, शेंड्यावरची. बाकी सगळा गोलवा सपाट काचांनी साधला आहे.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षात आहे. परवान्याचा खर्च बघता शिकायला सुरुवात कशी करू? – वाचक, सांगली

उत्तर : रायनो ९० दिवस पूर्ण चालतो, त्यानंतर फाइल सेव्ह होणं आणि प्लगिन्स बंद होतात. म्हणजे ९० दिवसांचं वेळापत्रक आधी आखा आणि मगच उतरवून घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको. विद्यार्थी परवाना बराच स्वस्त असून संपत नाही आणि त्यावर व्यावसायिक काम करायलाही मुभा आहे. अजिबात खर्च करायचा नसेल तर ब्लेंडरमधले जॉमेट्री नोड्स मोफत आहेत. तिथे विचार करण्याची रीत शिकता येते, पण कारखान्याला देण्याजोगी नेमकी वक्रं हवी तर शेवटी रायनोकडे यावं लागतं.

पहिले दोन आठवडे ग्रासहॉपर उघडू नका. रायनोमध्ये हाताने वक्र, पृष्ठभाग, ट्रिम, जॉइन आणि अनरोल करा. आज्ञा काय करते हे ठाऊक नसताना तिच्या वायरी जोडणं म्हणजे नुसतं कोडं सोडवणं.

मग व्होरोनॉयऐवजी (बिंदूंभोवती पेशींसारखी नक्षी) जिना करा. मजल्याची उंची ३१०० मिमी, हवी असलेली पायरीची उंची १६५. भागाकार १८.८, तो वर पूर्णांकात घ्या, १९, उंची पुन्हा भागा, प्रत्येक पायरी १६३.२. चढ १९ तर पावठे १८. उंचीचा स्लायडर २९०० ते ३३०० फिरवला की पायऱ्यांची संख्या बदलली पाहिजे, वरच्या मजल्याशी शेवटची पायरी जुळलीच पाहिजे. यात सीरिज, डोमेन, पूर्णांक, यादी सरकवणं आणि एकाने कमी-जास्त होणारी मोजणी, सगळं येतं. व्होरोनॉय पहिल्याच दिवशी सुंदर दिसतो आणि त्यात काय चुकलं ते कळत नाही. जिन्यात लगेच कळतं.

प्रश्न : एक फाइल उघडताच सगळं अडकतं, दुरुस्त करायलाही वाव मिळत नाही. – वाचक, नागपूर

उत्तर : आधी रिकामा ग्रासहॉपर उघडा, सोल्यूशन मेनूतून डिसेबल सोल्व्हर करा, मग ती फाइल उघडा. ती गणित न करता उघडते. संशयित घटक निवडून कंट्रोल ई ने बंद करा आणि सोल्व्हर परत चालू करा. विजेट्समधला प्रोफायलर लावला की प्रत्येक घटकाखाली लागलेला वेळ दिसतो. गुन्हेगार बहुतेकदा एखादं बूलियन (घनांची बेरीज-वजाबाकी) किंवा चुकून गुणाकार झालेली यादी असते.

प्रश्न : कापणाऱ्याला डीएक्सएफ (रेषांची फाइल) दिलं तर एकदा जॉब कितीतरी पटीने मोठा आला, एकदा काही कडा दोनदा कापल्या जाऊन काळ्या पडल्या. – वाचक, पणजी

उत्तर : मोठा आला तो बहुधा २५.४ पट, मिलिमीटरची फाइल इंचात वाचली गेली. कामाशेजारी १०० मिमीचा एक चौरस काढून ठेवा आणि ऑपरेटरला कापण्याआधी तेवढाच मोजायला सांगा. वक्रांसाठी निर्यातीत 'आर १२ लाइन्स अँड आर्क्स' ही रीत निवडली की स्प्लाइन (मुक्त वक्र) न वाचणारं मशीनही अडत नाही. काळ्या कडा म्हणजे एकावर एक दोन रेषा : शेजारच्या दोन चौकटींची सामायिक कड दोन्हींत आलेली. रायनोची सेलडप आज्ञा तंतोतंत एकसारख्या रेषाच पकडते. अर्धवट एकमेकींवर आलेल्या सुटतात. आणि बंद चौकट हा एकच वक्र असल्याने तिची एक कड वेगळी ओळखली जात नाही. म्हणून आधी चौकटी एक्सप्लोड करा, ग्रासहॉपरमध्ये असाल तर कांगारू या घटकसंचातल्या रिमूव्ह डुप्लिकेट लाइन्समधून काढा. कापण्याचा क्रम ऑपरेटरवर सोडू नका : आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी, कारण कड सुटली की तुकडा हलतो.