व्हॅन राहू द्या, आधी ती ‘एफडी’ मोडा

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला राहतो. नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. हाती ४५ लाख आले, पेन्शन ४० हजार. फिरायला कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यायची आहे. एक गॅरेजवाला जुन्या ट्रॅव्हलरवर १३ लाखांत करून देतो. मान्यताप्राप्त नवी २२ लाखांना पडते. कोणती घ्यावी? मध्ये मध्ये भाड्यानं देऊन खर्च निघेल. बाकी पैशांची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमनी एफडी करून दिली आहे: १० वर्षं दरवर्षी ५ लाख, १५व्या वर्षी ९० लाख. पहिले ५ लाख भरले, बाँड तीन आठवड्यांपूर्वी आला.

उत्तर: सर, एफडीला दरवर्षी हप्ता नसतो आणि बाँडही येत नाही. तुमच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली आहे. पन्नासाचे नव्वद ऐकायला गोड. हिशेब मांडला तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, व्याज दर तिमाहीला हातात.

त्याहून वाईट पुढे आहे. पेन्शन वर्षाला ४.८ लाख, हप्ता ५ लाख. म्हणजे घर मुदलातून चालणार, नाहीतर हप्ता. ४५ मधले ५ गेले, २२ ची व्हॅन घेतली, राहिले १८. आणखी तीन हप्ते भरले की उरतात ३ लाख, आणि भरायचे बाकी सहा हप्ते! पॉलिसी मध्येच सोडली तर भरलेल्यातला बराच भाग बुडतो.

बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. २०२४ पासून मुदत तेवढी आहे. तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरला, म्हणून हे उत्तर आधी ई-मेलनं पाठवलं. अर्ज बँकेत नको, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या, ई-मेलही करा. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमा शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. मॅडम म्हणतील, ‘सर, एक वर्ष तरी ठेवा.’ ते त्यांचं टार्गेट आहे, तुमचं नाही. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, मग पुण्याचे विमा लोकपाल.

आता व्हॅन. १३ लाखांची नकोच. तिच्या पलंगाखालची फळी उचलून बघा. पार्टिकल बोर्ड असेल तर महाबळेश्वरच्या एका पावसाळ्यात फुगेल. टपावर अर्धा तास पाइपानं पाणी मारायला लावा आणि आतून खिडक्यांचे कोपरे चाचपा. गॅरेजवाला कां-कूं करेल, तेवढ्यात समजायचं. शिवाय गाडीतले बदल आरसीवर चढलेले नसतील तर अपघातानंतर क्लेम अडतो.

भाड्याचं विसरा. पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही.

२२ वाली तरी परवडते का? दहा वर्षांनी ७ लाखांना विकली जाईल असं धरू, म्हणजे १५ लाखांची घट. विमा-देखभाल वर्षाला ७० हजार, म्हणजे आणखी ७. वर्षात तीस दिवस वापरलीत तर दिवसाला सात हजार पडतात, डिझेल वेगळं. तेवढ्यात चांगल्या हॉटेलात राहाल.

आधी आठ दिवस भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन वहिनींसह कोकणात जाऊन या. टॉयलेटची टाकी रोज कोण रिकामी करणार, तेही तिथेच ठरेल. तरीही हौस टिकली तर मान्यताप्राप्त बनावटीचीच घ्या, पण तीन-चार वर्षं वापरलेली, आणि पॉलिसीचे पैसे खात्यात जमा झाल्यावर.