नळीत पाणी चढते, पारा का उतरतो?

प्रश्न : १ मिलिमीटर आतील व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी ३ सेंटिमीटर चढायला हवे होते. नीट दिसावे म्हणून शाई घातली, तर जेमतेम २ सेंटिमीटर चढले. असे का? पारा मात्र खाली का जातो? आणि नळी २ सेंटिमीटरचीच ठेवली तर पाणी वरून वाहेल का?

उत्तर : ३ सेंटिमीटर हा आकडा बरोबर आहे, पण तो शुद्ध पाणी आणि स्वच्छ काच यांचा. पहिला संशय शाईवरच घ्या. बऱ्याच शायांमध्ये पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून धरणारा ताण) कमी करणारे पदार्थ असतात, आणि ताण घटला की उंची त्याच प्रमाणात घटते. दुसरे कारण बोटांचा तेलकटपणा. नळी साबणाच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळा. साबणाचा अंश राहिला तर शाईसारखाच घोटाळा होतो. कोरड्या नळीत पाणी मध्येच अडते, म्हणून ती आधी खोल बुडवा आणि हळूहळू वर उचला. भिजलेल्या नळीत पाणी आपल्या खऱ्या उंचीवर येऊन थांबते. नळी उभी हवी आणि तिचे तोंड भांड्याच्या तळाला टेकता कामा नये. भांड्यातल्या सपाट पातळीपासून नळीतल्या पाण्याच्या वाटीसारख्या खोलगट पृष्ठभागाच्या तळापर्यंत मोजा.

ही वाटीच सगळ्याचे मूळ आहे. पाण्याच्या रेणूंना एकमेकांपेक्षा काचेची ओढ जास्त, म्हणून पाणी कडेने चढते आणि पृष्ठभाग खोलगट होतो. त्या खोलगट पृष्ठभागाखालचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, म्हणून भांड्यातले पाणी वर ढकलले जाते. चढलेल्या स्तंभाच्या वजनाने ही तूट भरून निघाली की चढणे थांबते. व्यास निम्मा केला तर उंची दुप्पट, हा जुरिनचा नियम.

पाऱ्याचे अणू काचेपेक्षा एकमेकांनाच धरून राहतात. पृष्ठभाग फुगीर, त्याखालचा दाब जास्त, म्हणून तेवढ्याच नळीत पारा सुमारे १ सेंटिमीटर खाली जातो. हा प्रयोग घरी करू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते.

आखूड नळीतून पाणी वाहणार नाही. वरच्या कडेशी पोचल्यावर वाटी उथळ होते. तिची त्रिज्या ०.५ ऐवजी ०.७५ मिलिमीटरच्या आसपास झाली की ती २ सेंटिमीटरच पाणी पेलते, आणि पाणी तिथेच थांबते.