"एक फेज गेला असन"

"मॅडम, पोट्टं हुशार हाये, पण एक काम पुरं करन तर शपथ!"

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी समुपदेशक म्हणून बसते, तिथे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आई-वडील खुर्चीवर टेकायच्या आतच ते ओळखू येतं. कुणाचा मुलगा चित्रकला सोडतो, कुणाची मुलगी स्पर्धा परीक्षेचा क्लास सोडते. सुरुवात दणक्यात, पहिली अडचण आली की सगळं माळ्यावर. "आळशी आहे का हो? मोबाइलमुळं झालं असन का?" हा पुढचा प्रश्न. मला स्वतःला आळशी मुलं फार क्वचित भेटली आहेत. यातल्या एका मुलाची गोष्ट त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मुलगा अकरावी सायन्सचा. वडिलांची कपाशी आणि तूर, विहिरीवर ओलीत. दिवाळीच्या सुट्टीत स्वतः कापूस वेचून मिळवलेल्या पैशांतून त्याने ऑनलाइन सामान मागवलं होतं: अर्डुइनो बोर्ड (हुकूम भरून ठेवता येतात असं छोटं सर्किट), दोन पिवळ्या मोटारी, चाकं, सेन्सर. त्याला रोबो करायचा होता, आणि कसला, तर तान्हा पोळ्याचा बैल. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत फिरतात. याचा नंदी कुणी ओढायचा नव्हता. जमिनीवर काळी पट्टी चिकटवायची आणि बैलाने तिच्यावरून आपला आपण चालायचं. कल्पना ऐकूनच मला तो मुलगा आवडला.

पण घरी वेगळंच चाललं होतं. बैल चालला नाही की हा सगळं खोलून टाकायचा, त्या दिवशी जेवायचा नाही, आठ-आठ दिवस त्या खोक्याला हात लावायचा नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणाली, "मॅडम, मी काही बोलत नाही त्याले. फक्त रोज इचारतो, झाला का रे तुया बैल?" वडील म्हणाले, "पैशाचं काही नाही. पण कालेजच्या अभ्यासातही असंच करून राह्यला. एक गणित चुकलं की वही बंद."

मुलगा एकटा बसला तेव्हा सुरुवातीला एकच वाक्य बोलत होता. "मले जमतच नाही."

"काय जमत नाही?"

"काहीच."

हा "काहीच" शब्द मी कधी तसाच पुढे जाऊ देत नाही. खोकं घेऊन यायला सांगितलं. बुटाच्या खोक्यात सगळं नीट ठेवलेलं होतं. लाल-काळ्या वायरी रबर लावून वेगळ्या, स्क्रू औषधाच्या रिकाम्या डबीत. ज्याला आळशी म्हणतात त्याचं खोकं असं नसतं, हे तिथेच माझ्या मनाशी पक्कं झालं.

"पहिल्यांदा जोडलं तेव्हा काय झालं?"

"मोटारी चालल्या. मंग सेन्सर लावले, थेही चालले. दोन्ही संग लावले की बोर्ड बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते."

"मग तू काय केलंस?"

"सगळं खोललं."

"चालत होतं तेही?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "हो. म्हटलं, पहिल्यापासून करावं."

मी म्हटलं, "शेतातला पंप उठला नाही तर बाबा काय करतात?"

"टेस्टर लावून पाह्यते. तिन्ही फेज येऊन राह्यले का. मंग स्टार्टर. मंग केबल."

"आणि मोटार?"

"मोटार लास्टले. विहिरीतून वर काढाले चार जण लागते न."

"पंप बंद पडला, म्हणजे मी शेतकरी म्हणून कामाचाच नाही, असं बाबा म्हणतात का?"

त्याला हसू आलं. "नाही जी. म्हणते, एक फेज गेला असन."

मग तो गप्प झाला. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा फार मोह होतो, पण तो आवरायचा असतो. त्याने खोक्यातून बोर्ड काढला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली पाहतच म्हणाला, "माह्या बैलाचाही एखादा फेजच गेला असन."

माझ्या दृष्टीने अर्धं काम त्या वाक्यात झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. मी त्याच वाटेने काम करते. तिचा गाभा असा की कृतीचं मोजमाप करा, पण त्यावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावू नका. हे तत्त्व पुस्तकातून सांगितलं तर मुलं माना डोलावतात आणि विसरतात. या मुलाच्या घरात मात्र ते वर्षानुवर्षं विहिरीवर उभं होतं. वडील पंपाला विचारत होते, "बिघाड कुठे आहे?" मुलगा स्वतःला विचारत होता, "मी असा कसा?" पहिल्या प्रश्नाला टेस्टर लावता येतो, दुसऱ्याला लावायला जगात काहीच नाही. इलाज त्यांच्याच वावरात होता आणि तो दिसेल असा प्रश्न मला सुचला, याचं मला आजही समाधान आहे.

दुसरा धागा नंतर सापडला. लहानपणी त्याने शेजारच्यांचा मिक्सर सुरू करून दिला होता. तेव्हापासून सगळं गाव त्याला "सायंटिस्ट" म्हणतं. कौतुकानेच म्हणतं. पण सायंटिस्टचा बैल बंद पडला तर सायंटिस्टपणही जातं ना! क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. पाचवीच्या मुलांनी सोपी कोडी सोडवल्यावर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. तिथे अडल्यावर "हुशार" मुलांनी लवकर हात टेकले, आणि नंतर पुन्हा सोपी कोडी दिली तरी त्यांचे गुण घसरले. म्हणून मी वडिलांना सांगितलं, सायंटिस्ट म्हणणं बंद. त्यांना पटायला वेळ लागला, कारण त्यांना त्या शब्दाचा अभिमान होता.

आईला मी "झाला का?" विचारायची मनाई केली. या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे, आणि रोबोचं उत्तर बहुतेक दिवशी नाहीच असतं. त्याऐवजी "आज काय काय चाललं?" विचारा म्हटलं. मुलाला एक वही ठेवायला सांगितली. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी, जे चालतंय ते तिच्यात लिहायचं. मग एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं तेही लिहायचं. मोटार विहिरीतून काढणं जड म्हणून बाबांना ही शिस्त आपोआप लागली. बैल दोन मिनिटांत खोलता येतो, म्हणून त्याला ती वहीने लावावी लागली.

आणखी एक सांगते, कारण हे सगळेच करतात: अपयशी मुलाला थोरामोठ्यांच्या अपयशाच्या गोष्टी सांगू नका. त्याला त्यात शेवटचं यश तेवढं ऐकू येतं, आणि आपल्या गोष्टीचा शेवट तर त्याला ठाऊक नसतो.

वहीने काम केलं. कळलं ते असं: मोटारी सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतात, आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला तो पुरवता येत नाही. व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याने मोटारींना वेगळे सेल लावले. तरी बैल हलेना. आधीचा मुलगा असता तर खोकं माळ्यावर गेलं असतं. या वेळी वहीत ओळ होती: "बोर्ड आता बंद पडत नाही." दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं, दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनस एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणून बोर्डाचा हुकूम मोटारीपर्यंत पोचतच नाही. एक वायर लावली आणि बैल चालला, रात्री, घरात, पांढऱ्या कार्डशीटवरच्या काळ्या पट्टीवर.

सकाळी गल्लीतल्या पोरांना गोळा करून अंगणात सोडला, तर जागच्या जागी गोल फिरायला लागला. सगळे हसले. मला फोन आला तेव्हा आवाज जड होता, पण शब्द वेगळे होते. "मॅडम, घरात चालते, उन्हात नाही चालत. बाकी काहीच बदललं नाही." बिघाड त्याने स्वतःच पकडला होता. ते सेन्सर इन्फ्रारेड उजेड खाली पाठवतात. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळं तो शोषून घेतं. उन्हातही तोच उजेड भरपूर असतो, आणि आपलं ऊन तर विचारूच नका. त्याने सेन्सरभोवती काळ्या कागदाचं झापड लावलं. उन्हात तेवढं पुरलं नाही, पण पडवीच्या सावलीत बैल पट्टी धरून चालला. तान्हा पोळ्याला त्याने पडवीतच पट्टी चिकटवली आणि बोजारा द्यायला लोक तिथे आले.

पालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे. अर्धवट सोडणं वेगळं आणि सगळ्यातूनच मन निघून जाणं वेगळं. मूल झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, आवडीच्या माणसांनाही टाळत असेल, किंवा "मी कामाचा नाही, मी नसलो तर बरं" असं बोलत असेल, तर वह्या आणि प्रश्न बदलत बसू नका. आपल्या भागाने असली वाक्यं दुर्लक्षून फार मोठी किंमत दिली आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास माणूस बोलतो.

या मुलाचं तसं नव्हतं. बारावीचा अभ्यास सुरू आहे, आणि गणित अडलं की कोणत्या पायरीपर्यंत बरोबर आलं तिथे तो खूण करतो, असं आई सांगत होती. बैल अजून काटकोनात वळत नाही, पट्टी सोडून सरळ निघून जातो. दोनाऐवजी पाच सेन्सर लावायचे म्हणून नवीन सामान मागवू का, असं त्याने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "मागव. पण आधी दोनावर कुठवर वळते, थे पाहून घे."