पहाटे चेंडू हातातून का सुटतात?

जगलिंग (चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलत राहणं) नुकतंच सुरू केलंय आणि पहाटे तीन चेंडू सांभाळले जात नाहीत, म्हणून स्वतःला बोल लावू नका. आधी घड्याळ बघा.

शरीराचं आतलं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे ४-५ च्या सुमारास ते सर्वात कमी असतं, संध्याकाळी ५ ते ७ च्या दरम्यान सर्वात जास्त. फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअस, पण वेग आणि ताकद लागणाऱ्या हालचाली बहुतेकांना संध्याकाळी सोप्या जातात, त्यामागे हे एक कारण आहे. मेंदूतलं जैविक घड्याळही त्यात असतंच, त्यामुळे नुसतं अंग तापवून पहाटेची संध्याकाळ होत नाही.

हातांची गोष्ट आणखी वेगळी. बोटं गार पडली की तिथल्या नसांमधून संदेश हळू जातात, स्नायू सावकाश आकसतात, स्पर्शही बोथट होतो. चेंडू दिसतो, हात पोचतो, पण मूठ क्षणभर उशिरा मिटते. म्हणून सकाळी आधी दहा-पंधरा मिनिटं भरभर चाला, मग हात कोमट पाण्यात धरा. (नुसते तळवे चोळून फारसं होत नाही, असं माझं मत.) उठल्या उठल्या तर सुरू करूच नका, झोपेची गुंगी उतरायला अर्धा तास तरी द्या.

नवा प्रकार शक्यतो संध्याकाळी शिका, सकाळी जुनेच घोटा. कार्यक्रम मात्र सकाळी असेल तर सरावही सकाळीच हवा. शरीर त्या वेळेला बरंचसं सरावतं.