सोफ्यावरचा तर्रीचा डाग खाण्याचा सोडा लावल्यावर लाल झाला. आता तो कायमचा बसला का?

तुमचा प्रश्न असा की क्रीम रंगाच्या सोफ्यावर मिसळीची तर्री सांडली, तुम्ही खाण्याचा सोडा नि लिंबू लावून घासलं, तर डाग जायचा सोडून लालभडक झाला. शिवाय कार्पेटवरच्या जुन्या चहाच्या डागाचंही विचारलंय.

डाग बसलेला नाही. लाल झाला तो सोड्यामुळे. आपल्याकडे हळदीचंच कुंकू करतात, हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुणाला सांगायला नको. सोडा काय, धुण्याची पावडर काय, चुन्याच्याच जातीचे. हळद लागलेला शर्ट साबणाने धुताना लाल होतो आणि खळबळून काढला की परत पिवळा दिसतो, तोच हा प्रकार. तुमच्या लिंबापेक्षा सोडा जास्त पडला, एवढंच.

पण सोडा-लिंबू, सोडा-व्हिनेगर हे जे सगळीकडे सांगत सुटलेत, त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. एक अल्कली, दुसरं आम्ल. दोन्ही एकत्र केले की एकमेकांचा जोर मारतात, कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि मागे उरतं थोडं खारट पाणी. फेस आला म्हणजे डाग निघाला असं नसतं. व्हिनेगरचा उपयोग व्हिनेगर म्हणून आहे, सोड्याचा सोडा म्हणून. दोन्ही मिसळून लावणाऱ्याला डागातलं काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या वडिलांची पंचवटीत लाँड्री होती. पैठण्या, लग्नाचे कोट, गालिचे, सगळं यायचं. गिऱ्हाईकाला ते तीनच गोष्टी विचारायचे: काय सांडलं, कधी सांडलं, आणि त्यावर घरी काय लावलंत? तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळायचे. सांडलेल्या पदार्थापेक्षा वरून लावलेल्या उपायाने कापड जास्त खराब झालेलं असायचं. डाग ओळखल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा लावायचं नाही, ही त्यांची शिस्त होती आणि तिच्यावर आमचं घर चाललं.

आता माझ्या साडूंच्या घरचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच डोळ्यापुढे आलं. त्यांचं घर गंगापूर रोडला. रविवारची सकाळ, मिसळ पार्सल आणलेली, पापड, दही, जिलबी, सगळा नाशिकचा थाट. सोफा नवा, जवळजवळ पांढरा. भाच्याने तर्रीची वाटी सोफ्याच्या हातावर ठेवली आणि ती कलंडली. मी उठून म्हणालो, "थांबा, कोणी हात लावू नका, आधी जुना पांढरा कपडा द्या." तोवर साडू सोड्याची पुडी घेऊन हजर. मी म्हटलं, "साडूभाऊ, हळद आहे त्यात, सोडा नको." त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "इस्त्रीवाल्यांना केमिस्ट्री कधीपासून यायला लागली?"

मी गप्प बसलो, कारण बायको नि तिची ताई, म्हणजे साडूंची बायको, दोघी तिथेच होत्या. साडूंनी सोडा चोळला, लाल झाल्यावर घाबरून धुण्याची पावडर टाकली, वर गरम पाणी ओतून ब्रशने घासलं. गरम पाण्याने पातळ झालेलं तेल कापडातून थेट फोममध्ये उतरलं. वाटीएवढा डाग ताटाएवढा झाला, कडेला विटकरी वर्तुळ.

मग सोफा धुणारे बोलावले. मशीन, शांपू, व्हॅक्यूम. ओला असेपर्यंत सोफा झकास दिसला. वाळल्यावर डाग परत वर. वर येणारच, कारण फोममध्ये जे मुरलंय ते वाळताना ओलाव्याबरोबर कापडाच्या वरच्या टोकाला येऊन बसतं. ते लोक पैसे घेऊन म्हणाले, कापडच बदला.

मग ताईंनी मला फोन केला, साडू कामाला गेल्यावर. मी व्हिनेगर, सर्जिकल स्पिरिट आणि वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे घेऊन गेलो. आधी एक भाग पांढरं व्हिनेगर नि दोन भाग पाणी कपड्यावर घेऊन डागावर नुसतं दाबलं. ताईंच्या डोळ्यांदेखत लाल रंग पिवळ्यावर आला. सोड्याचा असर मोडला की मूळ हळद समोर येते, आणि मूळ हळदीशी लढता येतं. नंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब वाटीभर गार पाण्यात टाकून त्याने तेल काढलं, साध्या पाण्याच्या कपड्याने साबण उचलला आणि ते वाळू दिलं.

मग स्पिरिट. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. कपड्याची चौपदरी घडी, तिच्या एका कोपऱ्यावर स्पिरिट, आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. मध्यापासून बाहेर गेलात तर डाग पसरवाल. पहिल्यांदा घडीवर केशरी ठिपका उमटला, घडी उलटली, परत केशरी, मग पिवळा, मग फिका पिवळा. प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू वर घ्यायची, नाहीतर काढलेला रंग तुम्हीच परत भरता. शेवटी वर कोरडा कपडा, त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवून दिला, म्हणजे फोममधला ओलावा कापडात न थांबता वरच्या कपड्यात शोषला जातो. मशीनवाल्यांनी हे केलं असतं तर डाग परत आला नसता.

पुसट पिवळी झाक उरली, ती उन्हाने घालवली. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, मिरचीचाही उन्हात उडतो. तो सोफा आम्ही गॅलरीच्या दाराशी सरकवला, ऊन थेट पडेल असा. मार्च-एप्रिलचं ऊन याला फार उपयोगी.

डाग गेला. आणि पुढे एका लग्नात साडू चारचौघांत सांगत होते की मशीनवाल्यांनी सोफा कसा नवा करून दिला. ताई बाजूला उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मला त्याचं श्रेय नकोय. पण माझ्या वडिलांची उभ्या आयुष्याची विद्या इस्त्रीवाल्याची म्हणून झटकून टाकायची आणि त्याच विद्येने वाचलेल्या सोफ्यावर बसून दुसऱ्याचं नाव घ्यायचं, हे मला आजही पटलेलं नाही. साडूभाऊ, हे वाचत असाल तर ताईंना विचारा, पाटावर वरवंटा कुणी ठेवला होता.

असो. तुम्ही याच क्रमाने जा: व्हिनेगरचं पाणी, भांड्यांचं लिक्विड, वाळू देणं, स्पिरिट, ऊन. लिक्विडच घ्या, पावडर नको, तिच्यात धुण्याचा सोडा असतो. क्लोरिनवालं ब्लीच तर लांबच ठेवा, लोकरीचं कापड त्यात अक्षरशः विरघळतं. पुढच्या वेळी तर्री सांडली तर चमच्याने उचला, टिपून घ्या, मग मैदा किंवा टाल्कम पावडर जाड थरात टाकून तेल पिऊ द्या आणि नंतर झटका. पाणी त्यानंतर.

बाकीचे डागही आपापल्या स्वभावाचे असतात. रक्त आणि दूध गार पाण्याने, गरम पाणी लागलं की ते शिजून धाग्याला धरतात. काळी द्राक्षं, जांभळं, रेड वाइन यांच्यावर सोडा टाकलात तर डाग निळसर-राखाडी होईल, तिथे व्हिनेगर. चिखल पूर्ण वाळू द्या, मग ब्रश. रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून कुणी तसंच येऊन सोफ्यावर बसलं असेल तर मात्र घरी नादी लागू नका.

चहाचं: दुधाचा चहा असेल तर आधी लिक्विडचं गार पाणी, मग व्हिनेगरचं पाणी. जुना डाग याने फिका होईल, पूर्ण जाईल असा शब्द मी देत नाही. कार्पेट फिक्या रंगाचं आणि सिंथेटिक असेल तर औषधाच्या दुकानातलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून टिपून बघा. रंगीत लोकरीचा भदोहीचा गालिचा असेल तर नको, रंग उडेल. आणि तागाचं कार्पेट ओलंच करू नका, वाळताना ते स्वतःच तपकिरी पडतं.

सोड्याला मी सरसकट वाईट म्हणत नाही. कार्पेटला कुबट वास येत असेल तर कोरडा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूम करा. ते काम तो चांगलं करतो.

हे आधीच सांगायला हवं होतं म्हणून आता सांगतो: स्पिरिट पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ समई, उदबत्ती, गॅस काही नको. व्हिनेगर, पेरॉक्साइड, स्पिरिट, प्रत्येक गोष्ट आधी सोफ्याच्या मागे खाली, दिसणार नाही तिथे लावून वाळेपर्यंत थांबा. कंपनीच्या सोफ्याला आतून साफसफाईच्या सूचनेची पट्टी असेल तर बघा: एस लिहिलं असेल तर पाणी चालत नाही, एक्स असेल तर फक्त व्हॅक्यूम. सुताराकडून करून घेतलेल्याला पट्टी नसते, तिथे कापड आणलेल्या दुकानात विचारा. ऊनही बेताने द्या, सोफ्याचा स्वतःचा रंगही त्यात उतरतो. आणि कापड रेशमी किंवा मखमली असेल तर वरचं काहीच करू नका, चांगल्या ड्रायक्लीनरला दाखवा आणि त्यावर सोडा लावला होता हे त्याला न लपवता सांगा.