नाव नंतर बघू

प्रिय पोरी,

जास्वंदीच्या पानावरच्या कोळ्याचा फोटो मिळाला. खाली तुझा एकच प्रश्न, "सर, हा कोणता?" पिवळसर अंग, पाठीवर दोन गडद पट्टे, डोळ्यांभोवती लालसर छटा. टेलामोनिया डिमिडियाटा या उड्या मारणाऱ्या कोळ्याची मादी असावी. 'असावी' म्हणतो, कारण अशा कोळ्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि बऱ्याच जातींची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

तुझ्या वयात मी असे कोळी बरण्यांत भरायचो, नावाच्या चिठ्ठ्या लावून. इतक्या बरण्या जमल्या, पण एकाचीही उडी नीट पाहिली नव्हती.

तेव्हा उद्या ऊन आलं की बाटली न घेता जा. बोट हळूच हलव, ती वळून तुझ्याकडे बघेल. समोरचे दोन मोठे डोळे निरख. घटकेत काळेभोर, घटकेत फिके तपकिरी. भिंग जागचं हलत नाही. मागे लांब नळी असते आणि तिच्या टोकाचं दृष्टिपटल, म्हणजे प्रतिमा पडते तो पडदा, इकडेतिकडे सरकतं, म्हणून डोळ्यांचा रंग बदलल्यासारखा दिसतो. उडीआधी ती पोटाचं टोक पानाला टेकवून धागा चिकटवते. नेम चुकला तर त्याच धाग्याने परत वर! नाकतोड्यासारख्या दणकट मांड्या तिला नाहीत. अंगातल्या द्रवाच्या दाबाने तिचे पाय झटक्यात सरळ होतात. (आईला सांग, घरातली जळमटं हिची नव्हेत. ही जाळ्यात शिकार धरत नाही.)

आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांतही बघ. त्यांच्यासारखाच दिसणारा एक कोळी पुढचे पाय मिशांसारखे नाचवत फिरतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी 'मुंगी' धागा सोडून खाली उतरली होती.

नावाला मी कमी लेखत नाही हं. 2021 साली ठाणे-कल्याण भागातल्या कोळ्याच्या एका नव्या जातीचं नाव आयसियस तुकारामी ठेवलं, 26/11च्या हल्ल्यात कसाबला धरताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. लोकलच्या गर्दीच्या त्या पट्ट्यात!

वहीत वेळ, झाड आणि तिने काय धरलं ते लिही. पुढचा फोटो समोरून, तोंडाचा घे. आणि दुमडलेल्या पानात पांढरी रेशमी पिशवी दिसली तर उघडू नकोस, आत ती असेल.

– सर