२२ महिन्यांच्या मुलाला आता कापडी डायपर सुरू केले तर खरोखर पैसे वाचतात का? किती नग घ्यावेत?

वाचतात, आणि १२ नग पुरतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात संपते. तरीही लांबलचक लिहितो आहे, कारण "यात दमडी वाचत नाही, हा नुसता हौशी उद्योग आहे" हे वाक्य माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या तोंडून मी गेली दोन वर्षे प्रत्येक सणाला ऐकत आलो आहे आणि त्याला नीट उत्तर देण्याची संधी मला अद्याप मिळालेली नाही.

आमची मुलगी १७ महिन्यांची असताना, ऐन जूनमध्ये, आम्ही हा बदल केला. पुण्यात धुणे वाळत घातलेला कोणताही शहाणा माणूस त्यासाठी हा महिना निवडणार नाही. पॉकेट डायपरचे, म्हणजे खिसा असलेल्या कापडी डायपरचे, बाहेरचे कव्हर पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळते, पण त्या खिशात घालायची ओल शोषणारी जाड सुती घडी, म्हणजे इन्सर्ट, पावसाळ्यात दीड-दोन दिवस ओलसरच राहते, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. धुणे माझ्याकडे होते. "कल्पना तुझी, तर बादलीही तुझीच" असे सांगून बायकोने पहिल्याच दिवशी तो विषय मिटवला होता. इन्सर्टना कुबट वास येऊ लागला तेव्हा मी कोणालाही न विचारता शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घालायला सुरुवात केली. इन्सर्ट मऊ झाले, बाल्कनीत सुवास दरवळला आणि मी स्वतःवर खूश झालो.

जुलैमध्ये एरंडवण्यातल्या एका कार्यालयात सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम होता. मेहुण्यांनी खास त्या दिवसासाठी तसरचा झब्बा शिवून घेतला होता आणि फोटोसाठी त्यांनी भाचीला कौतुकाने मांडीवर घेतले. डायपर जेमतेम पंधरा मिनिटांपूर्वी बदललेला होता. पुढे काय झाले ते सांगायला नको; अल्बममधल्या त्या फोटोत सगळे कुटुंब हसते आहे आणि मेहुणे तेवढे अर्धवट उठलेले आहेत. पंगतीत त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात "जावईबापू, तुमच्या बचतीत माझ्या झब्ब्याचे ड्रायक्लीनिंग धरा," असे सांगितले आणि मठ्ठ्याची वाटी रिकामी होईपर्यंत पाणी, वीज, साबण आणि माझे श्रम असा सगळा हिशेब मांडून बचत शून्यावर आणून ठेवली.

रात्री घरी आल्यावर मी एका धुतलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओतले. ते अळवाच्या पानावर राहावे तसे वरच राहिले. कंडिशनरमुळे कापडाला जो मऊपणा येतो तो धाग्यांवर बसणाऱ्या स्निग्ध थराचा असतो, आणि तोच थर पाणी आत शिरू देत नाही. दोष कापडी डायपरचा नव्हता, माझा होता. परंतु हे पंगतीत सांगण्याची वेळ निघून गेली होती. नंतर फक्त इन्सर्ट गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुतले आणि फेस येणे थांबेपर्यंत पुन्हापुन्हा खळबळले, तेव्हा ते पूर्ववत झाले. कव्हर मात्र कडकडीत पाण्यात घालू नये. त्याचे पाणी अडवणारे लॅमिनेशन आणि इलॅस्टिक दोन्ही खराब होतात. पुरळासाठी लावायच्या जाड क्रीमनेही कापडावर असाच थर बसतो. आपल्या सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर साबण कापडात अडकून राहतो, म्हणून एकदा जास्त खळबळावे.

आता हिशेब. पूर्वी दिवसाला ५ डायपर लागत, एक साधारण १३ रुपयांना, म्हणजे महिन्याला १,९५० रुपये. कापडी १२ नग आणि जास्तीचे इन्सर्ट मिळून ५,४०० रुपये लागले. त्यानंतर रात्रीच्या एका विकतच्या डायपरचे ३९०, साबण-वीज-पाण्याचे २०० आणि प्रवासातल्या डायपरचे ७० असे महिन्याला ६६० रुपये जात राहिले. मुलगी सव्वादोन वर्षांची होऊन दिवसाचा डायपर सुटेपर्यंत दहा महिने गेले. १९,५०० रुपयांच्या जागी १२,३०० रुपये खर्च झाला. त्यात झब्ब्याच्या ड्रायक्लीनिंगचे ३०० रुपयेही मी धरले आहेत. ते मी दुसऱ्याच दिवशी पाठवले होते. ७,२०० रुपये वाचले. घातलेली रक्कम सव्वाचार महिन्यांत वसूल होते, त्यामुळे आपला मुलगा साधारण २६ महिन्यांचा होईपर्यंत आपण बरोबरीत याल आणि पुढचे सगळे शिल्लक.

राहिले श्रम. तो मुद्दा मला खोडता येत नाही, कारण दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटे जातातच, आणि ती जर घरातल्या बाईची किंवा धुण्याभांड्याच्या मावशींची जाणार असतील, तर त्याला बचत म्हणू नये. पण मग श्रम दोन्ही बाजूंना धरले पाहिजेत. पुण्यात २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने, वापरलेले डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, एवढे साधे आवाहन केलेले आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून देण्याची अट होती. मेहुण्यांच्या घरचे डायपर चिप्सच्या पाकिटांबरोबर एकाच पिशवीतून जात असत आणि ते हाताने वेगळे करणाऱ्या ताईंचे श्रम त्यांच्या शून्यात कुठेच नव्हते.

रात्री कापडाचा हट्ट धरू नये. विकतच्या डायपरमधील सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. सुताची ती ताकद नाही.

आणखी एक गोष्ट मी खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. आमची मुलगी दिवसभर घरी, आजीपाशी असे. आपला मुलगा पाळणाघरात जात असेल तर तिथे आधी विचारा. आमच्या ओळखीतल्या दोन पाळणाघरांनी कापडी डायपरला साफ नकार दिला होता. तसे झाले तर वरचा हिशेब आपल्याला लागू होणार नाही. मग सहाच नग घ्यावेत आणि शक्यतो कोणाचे तरी वापरलेले घ्यावेत. कोऱ्या सुती इन्सर्टला चार-पाच धुण्यांनंतरच खरी शोषणशक्ती येते, त्यामुळे जुने काही वाईट नसतात. फक्त पैसे देण्यापूर्वी त्यावर चमचाभर पाणी ओतून पाहावे.